गरम पाण्याचा आमदार

मुक्काम हुडकेश्वर, नागपूर
(तारीख दिसत नाही, कॅलेंडरवर कुणीतरी ओला टॉवेल टाकला आहे.)

तीर्थस्वरूप पुष्पाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, कंबर वाकत नसल्यामुळे कागदावरूनच, वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? ब्लडप्रेशरची गोळी तू वेळेवर घेत असशील याची मला खात्री आहे (आयुष्यभर दुसऱ्यांना गोळ्या चारलेली नर्स स्वतःची चुकवणार नाही), पण बसताना पाय वर घेतेस का, एवढं विचारायचं होतं. इकडे माझी तब्येत ठीक. थंडी मात्र भयंकर आहे. मला खोकला झाला होता, तो आता माझ्या शेजारी झोपणाऱ्याला झाला आहे. पत्र बघून तू म्हणशील, देव्याच्या फोनला काय धाड भरली? ताई, फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि तसं म्हटलं की मला मुद्दा आठवत नाही. कागदाला मधेच तोडता येत नाही. तोडायचा तर फाडावा लागतो, आणि तू कागद फाडणाऱ्यांतली नाहीस, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी इथे कशासाठी आलो हे तुला उडत उडत कळलं असेल, तरी नीट सांगतो. आपल्या जांभुळधऱ्याची संध्याकाळची एसटी दिवाळीनंतर बंद झाली. शेवटच्या फेरीला माणसं कमी, म्हणून. आता माणसं कमी हे खोटं नाही. गावातल्या पोरांकडे मोटारसायकली आहेत, आणि ज्यांच्याकडे नाहीत ते दुसऱ्याच्या मागे बसतात. मग त्या गाडीला उरल्या कोण, तर तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरी. त्यांत आपली मयुरा. अकरावी सायन्सचं प्रॅक्टिकल आटोपेपर्यंत दुपारची गाडी निघून गेलेली असते. मग कुठला तरी ऑटो धरून फाट्यापर्यंत यायचं आणि फाट्यापासून गावापर्यंत संत्र्याच्या बागांमधून अंधारात चालत. तिचा बाप विक्की काही दिवस मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा राहायचा. पण ओलिताची लाइट नेमकी संध्याकाळी येते, विहिरीवरची मोटार सोडून तो किती दिवस उभा राहील? शेवटी एक दिवस जेवताना म्हणाला, "बाबा, बस झालं. नव्या वर्षापासून पोरीले घरीच ठेवतो. बाहेरून देईन ते आर्ट्सची परीक्षा." मयुरा काही बोलली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ताटातलं संपवलं, ताट घासलं आणि आत गेली. मी विक्कीला म्हटलं, थांब, मी स्वतः भैय्याजींना भेटतो आणि गाडी सुरू करूनच येतो. तो म्हणाला, ठीक आहे, अधिवेशन संपेपर्यंत थांबतो. पोराने बापाला मुदत दिली, आणि मी पिशवी भरून नागपूरला आलो.

भैय्याजी म्हणजे आपले आमदार. (तू त्यांना मत दिलं नव्हतंस आणि मी दिलं होतं, यावर आपलं भरपूर बोलून झालं आहे.) त्यांचं घर इथे हुडकेश्वरला आहे. नवी वस्ती, दर दुसऱ्या प्लॉटवर रेतीचा ढीग. वरच्या मजल्यावर ते राहतात आणि खालचा अख्खा मजला त्यांनी मतदारसंघाच्या लोकांसाठी सोडून ठेवला आहे. हे त्यांचं मानलं पाहिजे. कुणाचा माणूस दवाखान्यात आहे, कुणाची कोर्टात तारीख आहे, कुणाला अधिवेशनावर मोर्चा न्यायचा आहे. कुणीही यावं आणि सतरंजी टाकून पडावं. आपला मतदारसंघ केवढा लांबलचक आहे हे मला इथे येऊनच कळलं. एक टोक मध्य प्रदेशच्या टेकड्यांना लागलेलं, दुसरं नागपूरच्या धुराला. त्या टोकाच्या माणसाने या टोकाच्या माणसाचं तोंड कधी पाहिलेलं नसतं, आणि इथे मात्र दोघांची डोकी एका उशीवर. पुढचा मोठा हॉल पुरुषांचा, आतली खोली बायकांची, आणि दोघांमध्ये मिळून एक न्हाणीघर, त्यात एक गिझर. या गिझरकडे जरा लक्ष ठेव.

हॉलच्या मधोमध साहेबांचा दिवाण आहे. पांढरी चादर, दोन लोड. साहेब त्याच्यावर बसून लोकांची कामं ऐकतात असं सगळे सांगतात, पण बसलेलं पाहिलेला माणूस मला भेटला नाही. त्या दिवाणावर असतात ती संत्री. ताई, आपले लोक म्हणजे काय सांगू! आमदाराकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून प्रत्येकाने घरच्या बागेतली संत्री आणलेली. मीही आणली होती, चांगली निवडून, पानासकट. आणि द्यायची कुणाला, तर ज्याच्या स्वतःच्या बागेत संत्री मावत नाहीत त्याला! येणारा प्रत्येक जण दारातच तो ढीग बघतो, जरा ओशाळतो, आणि तरीही आपली पिशवी त्याच्यावरच रिकामी करतो. फक्त जरा बाजूला, दुसऱ्या गावच्या मालात मिसळणार नाही अशी. दुसऱ्याची संत्री खायला कुणी तयार नाही (आंबट असतात म्हणे), आणि स्वतःची खावी तर ती साहेबांसाठी आणलेली. त्यामुळे त्या वासात आम्ही सगळे झोपतो आणि बाहेर जाऊन विकतची केळी खातो.

मंडळींपैकी तिघांची ओळख करून देतो. एक दादाजी, टेकडीकडचे, ऐंशीच्या घरातले. दर अधिवेशनाला येतात. त्यांचं काम काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी सरळ विचारलं. म्हणाले, "काम काही नाही गा. पण आलो नाही तर साहेबाले वाटन, दादाजी मेला." दुसरे प्रशिक सर. त्यांच्या शाळेला अनुदान नाही, म्हणून रोज मोर्चाला जातात आणि घोषणा देऊन देऊन घसा असा बसवून आणतात की संध्याकाळी सगळं कानात सांगतात. त्यामुळे साधं "मीठ द्या" म्हटलं तरी काहीतरी गुप्त चाललं आहे असं वाटतं. तिसऱ्या प्रेमलताबाई. त्यांच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं आहे. दवाखान्यातून सुट्टी मिळाली, पण पट्टी बदलायला रोज न्यावं लागतं, म्हणून तो बिचारा हॉलच्या कोपऱ्यात पडून असतो आणि बाई दिवसभर आतून बाहेर, बाहेरून आत करतात. त्याचं अंग पुसायला त्यांना सकाळी गरम पाणी लागतं. आणि गरम पाणी तर सगळ्यांनाच लागतं.

मी आलो तेव्हा न्हाणीघराच्या दारात रोज सकाळी गावनिहाय भांडण चालायचं. कुणाची बादली कुणी सरकवली, यावरून दोन गावांची जुनी नाल्याची भानगड बाहेर निघाली. मी मात्र त्यात पडलो नाही. मी आल्या दिवसापासून आमदारांवर बोलत होतो. निवडून आला की माणूस बदलतो, फोन उचलत नाही, बघतो-बघतो म्हणतो, विचारायला जावं तर साहेब बैठकीत. मला एक दिवस द्या, मग दाखवतो प्रतिनिधी कशाला म्हणतात ते! त्यांच्याच छताखाली झोपून हे सगळं मी मोठ्याने बोलत होतो. तेव्हा दादाजी म्हणाले, "असं नाही होत. पाण्यासाठी एक मानूस नेमा. देवाजी, तुमचाच आवाज मोठा हाये, तुमीच व्हा." प्रशिक सरांनी अनुमोदन दिलं (ते कुणालाच ऐकू आलं नाही), आणि मी बिनविरोध निवडून आलो. ताई, देव्या मेंबरकीला उभा राहिला तर घरची मतंसुद्धा फुटतील, असं तू कधी काळी म्हणाली होतीस. बिनविरोध हा शब्द परत एकदा वाच.

पहिल्याच संध्याकाळी मी नियम जाहीर केला. आधी आजारी माणूस, मग दवाखाना आणि कोर्टवाले, मग मोर्चावाले, आणि ज्यांना काही काम नाही ते सगळ्यात शेवटी. टाळ्या पडल्या. मला रात्री छान झोप लागली. सकाळी उठतो तर हॉलमधला एकूण एक माणूस आजारी! कुणाची पाठ धरलेली, कुणाला आतून कसंतरी होत होतं. मग एकेक जण मला बाजूला घेऊ लागला. एकाने नातं काढलं, एकाने मला जर्दा दिला, एकाने त्याच्या गावची किती मतं साहेबांना पडली ते सांगितलं, गिझरचा त्याच्याशी काही संबंध असल्यासारखं. नाही म्हणावं तर माणूस दुखावतो, हो म्हणावं तर पाणी एकच बादली. मग माझ्या तोंडून आपोआप निघायला लागलं, "बघतो." ताई, खरं सांगतो, मला कुणी शिकवलं नाही. तो शब्द त्या खुर्चीतच असतो.

मग मी काय करू लागलो, ऐक. पाळ्या लावून दिल्या की आंघोळ करून गुपचूप निघायचो आणि सिटीबसने सदरच्या बाजारात जायचो. तिथे मला काय काम? काही नाही. दुकानांच्या काचांमधले सूट बघायचे, ठेल्यावर तर्री-पोहे खायचे, पुन्हा काचा बघायच्या. हॉलमधून फोन आला की सांगायचो, कामात आहे, संध्याकाळी बोलू. एकदा पोह्यांची प्लेट हातात असताना मयुराचा फोन आला. "आबाजी, भेटले का साहेब?" तिलाही मी तेच सांगितलं, कामात आहे, मग बोलतो. फोन खिशात टाकला आणि प्लेट तशीच ठेवून हुडकेश्वरला परत आलो.

पण त्या गादीची गोडीही लागते, हे कबूल करायला हवं. वऱ्हांड्यात ओले कपडे वाळवायला जागा नव्हती, म्हणून मी एक दोरी बांधून घेतली. साधी नायलॉनची दोरी. तर प्रशिक सरांनी तिच्या लोकार्पणाचा सोहळाच काढला. दोरीला रिबीन म्हणून कुणाच्या तरी कमरेचा लाल करगोटा बांधला, नारळाच्या जागी संत्रं फोडलं (ते मात्र आमच्या गावचं होतं, मी लक्ष ठेवलं), आणि माझ्या हस्ते पहिला टॉवेल वाळत घालण्यात आला. सगळी थट्टाच होती. पण मला भाषण करायला सांगितलं, आणि मी केलं, ताई. या हॉलच्या सर्वांगीण विकासासाठी मी कटिबद्ध आहे, असं म्हणालो. लोक हसत होते आणि मी हसत नव्हतो. नंतर सतरंजीवर पडल्या पडल्या माझी मलाच लाज वाटली, आणि तेवढंच बरंही वाटलं.

आणि मग गिझर मेला. नेमका थंडीच्या सगळ्यात कडक दिवशी. एक रात्र तशीच काढून प्रेमलताबाई रिकामी बादली घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "भाऊ, काल त्याइचं अंग थंड्या पाण्यानं पुसलं, रातभर कुडकुडले. आता तुमीच काही करा." मी म्हटलं, साहेबांच्या कानावर घालतो. हे वाक्य मी किती वर्षं ऐकत आलो होतो! प्रेमलताबाईंनी मात्र त्यावर विश्वास ठेवला आणि बादली भिंतीशी उपडी घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या जिन्याने, चपला हातात घेऊन, साहेब स्वतः हॉलमध्ये आले. पुढच्या फाटकावर माणसांची गर्दी होती आणि ते तिच्यापासून लपायला आमच्यात आले होते. डोळे लाल, दाढी अर्धी केलेली. कोपराने संत्री सरकवून ते दिवाणावर टेकले. सगळ्यांत आधी त्यांची नजर दादाजींवर गेली. म्हणाले, "दादाजी, बरे हाये ना?" दादाजींचं काम तिथेच झालं; ते तेव्हाच सतरंजी गुंडाळायला लागले. मग साहेब आमच्याकडे वळून म्हणाले, "बोला, कोनाचं काय..." आणि एवढं म्हणता म्हणता झोपले. लोडावर मान टाकून, तोंड उघडं, एका पायमोज्यातून अंगठा बाहेर. आम्ही सगळे आपापली निवेदनं हातात धरून उभे. माझ्या खिशात आपल्या सरपंचाच्या शिक्क्याचं, गाडीचं निवेदन. आयुष म्हणून त्यांचा दोन फोनवाला पीए आहे, तो येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंतच जे काय ते साधायचं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठवायचं की नाही, हे ठरवायचं मी, कारण हॉलचा प्रमुख मी.

मला उठवता आलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. एका गिझरने माझी आठवड्यात ही दशा केली होती. या माणसाच्या मागे तर एवढा मतदारसंघ. तेवढ्यात पुढच्या दारावर थापा पडल्या. मी बोटभर दार उघडलं. बाहेर माझ्याच वयाचा एक माणूस, डोक्याला मफलर, हातात संत्र्याची पिशवी. "साहेब हायेत का?" आणि मी म्हणालो, "साहेब बैठकीत आहेत." ताई, त्याने फक्त मान हलवली. असं हे लोक सांगणारच, हे धरूनच आलेल्या माणसासारखी. मी आजवर कितीतरी दारांमध्ये तशीच मान हलवून परत गेलो आहे. मी दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने आयुष आला आणि त्याने साहेबांना हलवून उठवलं. सभागृह सुरू व्हायची वेळ झाली होती. साहेब ओशाळले, चष्मा शोधायला लागले, आणि मी समोरच उभा म्हणून मलाच म्हणाले, "काकाजी, पटकन सांगा, काय काम हाये?" ज्या क्षणासाठी मी आलो होतो तो हाच. माझा हात खिशाकडे गेलाही. पण माझ्या पाठीशी सगळा हॉल उभा होता. प्रेमलताबाईंनी बादली सरळ करून हातात घेतलेली, प्रशिक सरांच्या खांद्यावर टॉवेल. सगळ्यांच्या नजरा माझ्या मानेवर मला कळत होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, गिझर."

साहेबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! म्हणाले, "एवढंच? लोक आले का रस्ता, गाडी, बदली. दहा जागी हात जोडा लागते. हे काम पह्यल्यांदा असं आलं का जे माह्यानं होते!" तिथल्या तिथे आयुषला सांगितलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले. संध्याकाळी नवा गिझर लागला, जुन्यापेक्षा मोठा. मी उभ्या आयुष्यात सरकारदरबारी मागितलेली आणि मिळालेली ही एकच गोष्ट. लोकांनी माझा सत्कार केला. शाल प्रेमलताबाईंच्या नवऱ्याची होती, ती नंतर परत घेतली. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या खिशात निवेदन तसंच होतं. मी आयुषला गाठून ते दिलं. तो म्हणाला, "काका, पण तुमचं काम झालं ना?" तरी त्याने ते घेतलं आणि इतर निवेदनांच्या थैलीत टाकलं. अधिवेशन संपलं की साहेब बघतील म्हणे. अधिवेशन संपलं की विक्कीची मुदतही संपते.

मी दोन दिवस स्वतःला मनात नाही नाही ते बोललो. मला आजवर वाटायचं, निवडून आलेला माणूस मोठा होतो म्हणून आपल्याला विसरतो. मी तर एका न्हाणीघराचा प्रमुख झालो आणि सख्ख्या नातीला विसरलो. वाईट कुणी वागलं का? त्या संध्याकाळी प्रेमलताबाईंच्या नवऱ्याचं अंग गरम पाण्याने पुसलं, आणि तो पहिल्यांदा न कण्हता झोपला. त्याचं मला वाईट वाटत नाही, कधी वाटणारही नाही. पण बादली माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मयुरा तिकडे, फाट्यावर. जो पाठीशी उभा आहे त्याचा श्वास ऐकू येतो. जो लांब आहे त्याने कुणाच्या पाठीशी उभं राहायचं? याचं उत्तर भैय्याजींकडे नसावं, म्हणून ते झोपले. माझ्याकडेही नाही, म्हणून मी पत्र लिहितो आहे.

बाकी इकडे सगळं बरं चाललं आहे, म्हणजे पाणी भरपूर गरम आहे. तू थंडीत पहाटे अंगण झाडत जाऊ नकोस. काही कमी-जास्त लिहिलं असेल तर लहानपणी जसा कान धरायचीस तसा धर आणि सोडून दे.

तुझा धाकटा,
देवा

ता. क. मुद्द्याचं आता लिहितो. ताई, तुझं घर मयुराच्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तू रिटायर झालीस तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतंस, की आम्हा भावंडांना वाढवलं, मग जगाच्या बायकांची बाळंतपणं केली, आता माझ्या घरात मला कुणी नको, जावई-पाहुणा कुणी नको. ते तुझं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि आजही आहे. म्हणूनच हे चार वाक्यांचं काम मला एवढं लांबवावं लागलं. बारावी होईपर्यंत मयुराला तुझ्याकडे ठेवशील का? दर शनिवारी दुपारच्या गाडीने ती घरी येईल. मुलगी शांत आहे, ताट स्वतः घासते. एरवी ती घरी बसेल, आणि घरी बसली तरीही ती काही बोलणार नाही. त्याचीच मला भीती वाटते.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी मयुराला फोन केला. आधी सगळं खरं सांगितलं, की गाडी झाली नाही, साहेब समोर होते आणि मी गिझर मागितला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मग गरम पाणी येऊन राहिलं का आता नीट?" म्हटलं, येत आहे. मग तुझ्याकडे राहायचं विचारलं. तर म्हणते, "मी एकटी नाही जात आबाजी. त्या गाडीनं आम्ही चौघी येत होतो. लतिकाच्या घरी तर मोटारसायकलबी नाही. मी आत्याआजीकडे राहीन आन त्या काय करतीन?" मी म्हटलं, बाई गं, एकीचं विचारायला मला सगळं पत्र लागलं, चौघींचं कसं विचारू? म्हणाली, "मग माहंबी नका विचारू." ताई, मी आमदारांपुढे उभा राहून जे विसरलो, ते ही पोरगी घरात बसून विसरली नाही. म्हणून आता चौघींचं विचारतो. गाद्या आणि शिधा चारही घरांतून येईल, ते मी बघून घेईन. आणि हो म्हण किंवा नाही म्हण, मला राग येणार नाही. फोन ठेवताना मी तिला म्हटलं, मग नावं कळवतो आत्याआजीला. तर म्हणाली, "माहं नाव शेवटी लिहा आबाजी. जागा कमी पडली तर खालचंच नाव कटते."

तिने सांगितलं तसं लिहितो आहे. लतिका, दीक्षा, रितिका, मयुरा.